झारी पेटली की पाणी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

शिवानी सकाळी पुण्याला गेली. बँकेचं ट्रेनिंग, दोन आठवडे. तिची कार माझ्या दारात. जाताना मला पायरीवर उभं करून सूचना दिल्या. मला! एक दिवसाआड स्टार्ट करायची, पाच मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे दोनदा सांगितलं आणि ऑटोत बसल्यावर परत एकदा, ऑटोवाल्याच्या देखत. तो हसला. त्याचा नंबर लिहून ठेवायला हवा होता.

औसा रोडपासून रेणापूरपर्यंत निम्म्या बोअरमध्ये माझ्या, म्हणजे गुरुबसप्पांच्या, दुकानातली सबमर्सिबल मोटार आहे. माझं आयुष्य मोटारींत गेलं. आणि ही कालची पोरगी, बिलोलीच्या ब्रँचला पीककर्जाच्या फाइली बघते, ती मला मोटार शिकवणार.

असो. तेवीस तारखेला नांदेडला जायचंय, तिच्या सोयरिकीची शेवटची बैठक. शिवमूर्तींचं घर, कापडाचे मोठे व्यापारी, मुलगा रुद्रेश. शिवानी म्हणाली, गाडी नीट राहिली तर नांदेडपर्यंत तुम्हीच चालवा अप्पा. नीट राहिली तर, म्हणे.

पण चालवायची आहे. फार चालवायची आहे. माझ्या पोरीने स्वतःच्या पगारातून घेतलेली गाडी, सेकंडहँड का असेना, आमच्या सगळ्या खानदानातली पहिली. ती मी चालवत शिवमूर्तींच्या फाटकातून आत नेणार. मागे पोर, शेजारी तिची आई जगदेवी. हे मी बघून ठेवलेलं आहे.

ठराव: गाडी नुसती नीट ठेवायची नाही. होती त्यापेक्षा चांगली करून द्यायची.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळ

बॉनेट उघडलं. काय ती अवस्था! धूळ, सोयाबीनचं भूस, एक वाळलेला सरडा. कर्जवाल्यांची शेतं बघत खेड्यापाड्यांतून नुसती पळवते. मेंटेनन्स नावाची गोष्ट या पिढीला माहीत नाही.

सगळी झाकणं तपासली. एकावर इंग्रजीत बारीक बारीक धमक्या लिहिलेल्या. त्याच्या नादी लागलो नाही. इंजिनच्या डोक्यावर मधोमध एक काळं झाकण आहे, त्यावर चित्र. झारी! देवघरात महादेवाला अभिषेक करतो तशी, नळीच्या टोकाला थेंबसुद्धा काढलाय. अडाण्यालाही कळावी अशी सोय. पाण्याची जागा.

उघडून टॉर्च मारला. आत पाणी नाही. थेंब नाही! थोडा ओशटपणा, बस.

तळपायाची आग मस्तकात गेली. बोअरमध्ये सोडायच्या आधी मोटारीत स्वच्छ पाणी भरायचं, कोरडी चालवली की जळाली म्हणून समजा, हे मी दुकानात रोज घसा फोडून सांगतो. आणि माझ्याच घरची मोटार कोरडी पळतेय. गाडी विकणाऱ्याने सांगितलं नाही. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने सांगितलं नाही. सगळे हरामखोर.

पिण्याच्या जारमधलं पाणी भरलं. बोअरचं मुद्दाम नाही घातलं, क्षार असतात. एवढा विचार आज कोण करतं?

स्टार्ट केली. आवाज मऊ वाटला. मागून पांढरी वाफ आली. थंडीचे दिवस आहेत.

शिवानीला फोनवर काही सांगितलं नाही. कौतुक आपोआप होऊ दे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

गाडी धुवायला संगमेशच्या वॉशिंग सेंटरला नेली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. त्याला म्हटलं इंजिनपण धू. तर मलाच शहाणपण. म्हणे, "काका, इंजिनवर प्रेशर मी न्हाई मारत. वायरी भिजतेत." मी म्हटलं मोटारीला पाण्याची कसली भीती, माझ्या मोटारी वर्षानुवर्षं पाण्यात बुडून असतात. त्याने वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि लांबून शिंतोडे उडवल्यासारखं केलं. कामचोर.

ठराव: उद्यापासून रोज एक चक्कर. नुसतं उभ्या उभ्या स्टार्ट करून मोटार कळत नसते. लोडवर चालवावी लागते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. दुपार

आज औसा रोडला कमाल झाली. गाडी चालवता चालवता समोरच्या काट्यांमध्ये लाल दिवा लागला. बघतो तर तीच झारी! नळी, थेंब, सगळं तसंच. म्हणजे पाणी संपलं की गाडी स्वतः मागते. डोळे भरून आले. आमच्या मोटारी बिचाऱ्या न बोलता जळतात.

चहाच्या टपरीवर थांबलो, पाण्याची बाटली घेतली, अख्खी ओतली. टपरीवाला बघत राहिला. त्याला समजावून सांगितलं. दिवा विझला. येताना रेणापूर नाक्याजवळ परत लागला. परत दिलं.

एक गोष्ट खटकली. शिवानी तीनेक महिने ही गाडी वापरतेय, दिवा तिलाही दिसला असणार. लक्ष नाही. मोबाइलमध्ये तोंड. आल्यावर बसवून बोलायचं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

संताप. संताप. संताप.

इंजिनमध्ये एक पट्टी असते, ती ओढून ऑइल बघतात. कौतुकाने ओढली तर टोकाला पांढरट फेस. दुधाचा चहा उतू गेल्यासारखा. फोनवर व्हिडिओ बघितले, एकामागून एक, सकाळभर. सगळे एकच सांगतात: ऑइलमध्ये पाणी शिरलं. ऑइलमध्ये पाणी म्हणजे इंजिनला विष. गाडी चालवू नका, ताबडतोब ऑइल बदला.

पाणी शिरलं कसं? मी काय दूधखुळा आहे? मंगळवारी कोणी पाइप मारला? संगमेशने. प्लास्टिक टाकायचं नाटक केलं आणि नेमका ऑइलमध्ये फवारा सोडला. मी पाण्याच्या जागी एवढं मोजून, गाळून, जारचं पाणी घालतो, आणि हा गाढव ऑइलच्या जागी फुकटचं पाणी घालतो!

वॉशिंग सेंटरवर जाऊन त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगून आलो. म्हणाला, "काका, शप्पथ, मी इंजिनला हात लावला न्हाई, तुम्हीच तर उभे होते की." उलट बोलतो! दोन स्कूटरवाले नंबर सोडून निघून गेले. जावं. कळू दे लोकांना.

जगदेवी म्हणते, "अवो, पोरीला इचारा की एकदा. फोन लावायला काय जातंय?" बायकोला मोटारीतलं काय कळणार? म्हटलं तू पोळ्या बघ. तर पोळ्यापण मिळाल्या नाहीत वेळेवर.

रविवार, १६ नोव्हेंबर

आता घाबरायचं काम नाही. एका व्हिडिओत सांगितलंय की पाणी थोडं असेल तर इंजिन तापवून वाफ होऊन निघून जातं. बाकीचे व्हिडिओवाले ऑइल विकणारे असणार.

बॉनेट उघडं ठेवून गाडी दारात उन्हात उभी केली, इंजिन चालू. तासभर. वाळवणाला बसतो तसा खुर्ची टाकून बसलो. मागून पांढरा धूर, समोरच्या घरातून आरडाओरडा, त्यांचे कपडे वाळत होते म्हणे. मी म्हटलं माझंही वाळतंय.

मधूनमधून झारी पेटत होती. तेव्हा तेव्हा पाणी दिलं. एकीकडे ऑइलमधलं पाणी सुकवायचं, दुसरीकडे मोटारीला तिचं पाणी पुरवायचं. दोन्ही आघाड्या एकट्याने सांभाळल्या. मदतीला माणूस नाही.

शिवानीचा फोन. गाडी कशी आहे? म्हटलं फर्स्ट क्लास. ती म्हणाली, "थँक्यू अप्पा, मला उगाच काळजी वाटत होती." ऐकून बरं वाटलं. आणि संगमेशचा जास्तच राग आला.

सोमवार, १७ नोव्हेंबर. संध्याकाळ

सकाळपासून इंजिनमधून टक् टक् आवाज. आतून कोणी दार वाजवतंय असा. दुर्लक्ष केलं. नवीन पाणी मुरायला वेळ लागतो.

नांदेडची तयारी म्हणून लांब चक्कर मारायला निघालो. रेणापूर नाक्यावर झारी पेटली. बाजूला घेईपर्यंत टक् टक् चं धाड् धाड् झालं आणि इंजिन बंद. चावी फिरवली तर नुसता खट् आवाज. मागे उसाचा ट्रॅक्टर, त्याच्यामागे एसटी, एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून मला "आजोबा" म्हणाला. आजोबा! माझ्या केसांना न चुकता रंग लावलेला असतो.

बालाजीच्या गॅरेजवाल्यांनी दोरी बांधून ओढत नेली. अख्ख्या बाजारातून. स्टेअरिंगवर मी. शेवटी लोकांनी बघितलं मला ती गाडी नेताना, पण ते असं नको होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बालाजीने खालचा नट उघडला. आधी नुसतं पाणी आलं, मग घट्ट पांढरं काहीतरी. म्हणाला, "मालक, हे ऑइल न्हाई, हे ताक हाय. बेअरिंगा गेल्या, क्रँकबी खरवडली. एवढं पाणी मधी गेलं कुठून?"

मी म्हटलं संगमेश. बालाजी जरा विचारात पडला. मग म्हणाला, "हाव, हुतंय कधी कधी. त्याचा पाइप लई जोराचा हाय." बालाजीचं आणि संगमेशचं गॅरेजच्या जागेवरून जुनं भांडण आहे हे मला माहीत आहे. पण म्हणून खरं बोललेलं खोटं होत नाही.

इंजिन होणार का? बघतो म्हणाला. बघतो म्हणजे नाही, एवढं मलाही कळतं. हेच वाक्य मी जळालेल्या मोटारी आणणाऱ्यांना सांगतो.

गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: संगमेश वॉशिंग सेंटरने माझ्या मुलीच्या गाडीचं इंजिन पाणी घालून मारलं आहे, तिथे गाडी नेऊ नये. अंगठे आले. आज त्याच्याकडे एकही गाडी उभी नव्हती. जाता येता दोनदा पाहिलं.

ठराव: शुक्रवारी शिवानी येतेय. तिला थेट गॅरेजमध्ये बोलवायचं. संगमेशलाही. सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिहायला हात चालत नाही. रागाने.

सगळे जमले होते. शिवानी स्टँडवरून तशीच आली, बॅग खांद्यावर. गाडीखालची ताकाची परात वाकून बघितली. मी सुरुवात केली. कसा हा माणूस बेजबाबदार, कसं मी घसा फोडून सांगत असताना याने पाइप मारला. संगमेश म्हणाला, "ताई, माझ्या लेकराची शप्पथ. मी वरून फडकं मारल्यावानी केलं. परातीत बघा, चार-पाच लिटर पाणी हाय. पाइपानं एवढं जातंय व्हय मधी?"

मी म्हटलं मग काय मी घातलं? या गाडीचं पाणी मी स्वतः बघत होतो. रोज. जारचं पाणी. आणि कसं घालायचं असतं ते या लोकांना एकदा दाखवावं म्हणून मी बाटली उचलली. आमच्या गाडीचं इंजिन उघडलेलं होतं, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या एका डॉक्टरच्या गाडीकडे वळलो. तिचं बॉनेट उघडंच होतं, तिच्यावरही तीच झारी. सगळ्या कंपन्यांची एकच. झाकण फिरवलं, बाटली तिरकी केली.

बालाजीने माझं मनगट धरलं. म्हणजे झडपच घातली. बाटली पडली. "मालक! काय करून राहिले? ऑइलची जागा हाय ती!"

मी म्हटलं, झारी दिसत नाही का? थेंब दिसत नाही का? तो म्हणाला, "ती तेलाची बुधली हाय, मालक. थेंब तेलाचा हाय."

संगमेश टायरवर बसला. शिवानीने विचारलं, "अप्पा, किती वेळा घातलं?" मी खरं तेच सांगितलं. दिवा लागला की प्रत्येक वेळी. दिव्याचं ऐकलं मी. मोटारीत पाणी भरायचंच असतं हेही सांगितलं, सबमर्सिबलचं सगळं समजावलं, कोरडी चालवली की काय होतं ते. बालाजीचं तोंड वाकडं झालं, हसू दाबत होता. परवा "हाव हाव" म्हणणारा हाच.

जगदेवीने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, कळलं नाही. विचारलंही नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चूक कंपनीची आहे. तेलाची जागा तर तेलाची बाटली काढा, अक्षरं लिहा, मराठीत लिहा. झारी काढायची आणि वर माणसाला वेड्यात काढायचं? आमच्याकडे झारीत कोणी तेल भरत नाही. ग्राहक मंचात जाणार. मसुदा डोक्यात तयार आहे.

शिवानी सकाळी संगमेशकडे जाऊन आली. माझ्या परवानगीशिवाय. मग गल्लीच्या ग्रुपवर तिचा मेसेज: संगमेशदादांची काही चूक नव्हती, आमचा गैरसमज झाला, माफ करा. आमचा! आणि मला विचारायचीही गरज वाटली नाही. ग्रुप म्यूट केला.

बालाजीचा निरोप: इंजिनात काही राहिलं नाही, नवं बसवण्यापेक्षा गाडी भंगारात दिलेली बरी. शिवानी फोनवर "बरं" म्हणाली. मग जगदेवीला सांगत होती, सोमवारपासून बिलोलीहून खेड्यांवर जायला ब्रँचमधल्या कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसेन, नाहीतर एसटी. मला काहीच म्हणाली नाही. दिवसभर नाही. ओरडली असती तर मला सगळं नीट मांडता आलं असतं.

म्हणजे तिला माझं पटलं आहे. पटल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही.

उद्या नांदेड. एसटीने. शिवमूर्ती गाडीचं विचारणारच, फोनवर मीच दोनदा सांगितलं होतं की मी गाडी घेऊन येतोय. काय बोलायचं ते ठरवलंय: आजकालचे मेकॅनिक, आजकालचे वॉशिंग सेंटरवाले, कंपन्यांची फसवी चित्रं. या क्रमाने. रुबाबात.

रविवार, २३ नोव्हेंबर. परतीच्या एसटीत, अहमदपूर स्टँड

सोयरीक पक्की झाली. आधी ते लिहितो. माणसं चांगली आहेत. रुद्रेश शांत मुलगा आहे.

पोहोचलो तेव्हा शिवमूर्ती फाटकातच उभे होते, गाडी आत घ्यायला जागा करून ठेवली होती. आम्ही स्टँडवरून ऑटोने उतरलो. पाणी झालं, चहा झाला, आणि सगळी पाहुणेमंडळी बसलेली असताना त्यांनी विचारलंच, "गाडी आनणार हुते न्हवं तुमी?"

मी घसा खाकरला. "आजकालचे" एवढं तोंडातून आलं. तेवढ्यात शिवानी म्हणाली, "गाडी बंद पडली. चूक माझीच. ऑइलच्या जागी मी पाणी टाकलं, मला कळलंच नाही."

बैठकीत हशा पिकला. शिवमूर्तींचे थोरले भाऊ म्हणाले, "पोरी बँका चालवून राहिल्या, पन गाडीचं काम येगळं हाय माय!" बायकासुद्धा हसल्या. शिवानी मान खाली घालून हसत होती. मग शिवमूर्ती माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तर मोटारीतलेच मानूस. लेकीला शिकवलं न्हाई व्हय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जगदेवीही.

मी म्हणालो, "ऐकत नाहीत हो आजकालची पोरं."

परत हशा. माझ्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. रुद्रेश तेवढा हसला नाही, त्याने शिवानीला पाण्याचा ग्लास दिला.

बसमध्ये बसल्यापासून जगदेवी माझ्याशी बोललेली नाही. शिवानी खिडकीशी झोपली आहे, उद्या पहाटे तिला बिलोलीची गाडी धरायची आहे. झोपायच्या आधी विचारत होती, अप्पा, तुम्हाला थंडी वाजतेय का, खिडकी लावू का. नाही म्हटलं. लावली तिने.

गाडी इथे बराच वेळ थांबलेली आहे. ड्रायव्हर चहा पीत उभा आहे. एरवी जाऊन चार शब्द सुनावले असते. आज कोणावर चिडावं तेच सुचत नाही.